लाकडाच्या लेथवर भोक पाडताना घ्यावयाची काळजी

अवघड काम करताना माणूस सहसा सावध असतो. सोपे वाटणारे काम मात्र तो बोलता बोलता, दुसरीकडे पाहत उरकतो आणि इजा बहुधा तेथेच होते. लाकडाच्या लेथवर भोक पाडणे हे असेच सोपे वाटणारे काम आहे. पटाशीने लाकूड कातायला हात बसावा लागतो, त्यात वर्षे जातात. भोक पाडायचे तर बिट लावायचे आणि चाक फिरवायचे, एवढेच दिसते. ज्यांच्या घरची रोजी हातांवर चालते त्यांच्या मुलांनी हे 'एवढेच' नीट समजून घ्यावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

आम्ही बँकेत कारकुनी करणारे; लेथवर आमचे पोट नाही. परंतु सुतारकामासाठी कर्ज मागणाऱ्या तरुणांच्या फायली आमच्या टेबलावरून पुढे जातात आणि तपासणीच्या निमित्ताने त्यांच्या शेडमध्ये जाण्याचाही योग येतो. फायलीत यंत्राचे कोटेशन असते. लेथ, मोटार, चक, पटाश्यांचा संच असे सर्व काही त्यात लिहिलेले असते. तोंडावरची काच आणि चांगला स्टार्टर या दोन वस्तू मात्र बहुतेक कोटेशनांत आम्हाला आढळल्या नाहीत. ही उणीव मनाला लागली म्हणून जाणत्या कारागिरांना विचारून, वाचून, जे समजले ते येथे मांडत आहोत.

आपल्या भागातील कातकाम

लाकूड फिरते ठेवून त्याला पटाशीने गोलाई देणे याला आपल्याकडे कातणे म्हणतात आणि ते काम करणारा तो कातारी. कोकणाला हे काम नवे नाही. सावंतवाडीची लाकडी फळे व खेळणी प्रसिद्धच आहेत. १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या रायगड जिल्ह्यात पनवेल हे बैलगाडीची चाके बनविण्याचे गाव होते, याची नोंद ब्रिटिश काळातील गॅझेटिअरमध्ये आहे. गाडीच्या चाकाचा तुंबा हा गोल ठोकळा. त्याच्या बाहेरच्या अंगाला आरे बसतात आणि मधल्या भोकातून आस जातो. ते भोक जरा जरी एका बाजूला गेले तरी चाक डगडगते. अगदी मधोमध भोक ही कारागिराची जुनीच कसोटी आहे.

आज अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या बाजूला पर्यटकांसाठी घरे उभी राहिली आहेत. त्यांना दिव्याचे लाकडी स्टँड, फुलदाण्या, मेणबत्तीच्या बैठका, जिन्याच्या कठड्याचे दांडे हवे असतात. दिव्याच्या स्टँडमधून वायर जायची म्हणजे आरपार भोक आलेच. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतार, होडी बांधणारे आणि खेळणी बनविणारे यांचा समावेश आहे. तीत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व पुढे २ लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. तेव्हा आपल्यातील काही तरुण या यंत्रापुढे उभे राहणार हे उघड आहे.

येथे बिट स्थिर असते, लाकूड फिरते

हातातील ड्रिल मशीन किंवा स्टँडवरचे ड्रिल आपण पाहिलेले असते. त्यात लाकूड जागेवर असते आणि बिट फिरते. जुन्या सुताराचे गिरमिट आणि सामता यांचेही तेच. लेथवर नेमके उलट होते. डाव्या बाजूच्या हेडस्टॉकवर चक असतो, त्यात पकडलेले लाकूड फिरते. उजव्या बाजूच्या टेलस्टॉकमध्ये ड्रिल चक बसवितात, त्यात बिट असते व ते फिरत नाही. टेलस्टॉकच्या मागचे चाक फिरवले की आतली जाड नळी पुढे सरकते आणि बिट लाकडात शिरते. लाकूड स्वतःच्या मध्याभोवती फिरत असल्यामुळे भोक आपोआप मधोमध पडते.

बिट लाकडात रुतले की फिरते लाकूड त्याला आपल्याबरोबर फिरवू पाहते. हा जोर तीन पकडी अडवून धरतात. पहिली, चकने लाकडाला धरलेली पकड. दुसरी, ड्रिल चकने बिटला धरलेली पकड. तिसरी, टेलस्टॉकने ड्रिल चकला धरलेली पकड. यांतील एक जरी सुटली तरी माणूस नकळत हात पुढे करून सुटलेली वस्तू धरायला जातो. मोटारीच्या जोरापुढे हाताचा टिकाव लागत नाही. या लेखातील सर्व सूचनांचे सार एका वाक्यात सांगायचे तर ते असे : तिन्ही पकडी इतक्या पक्क्या ठेवा की हाताला चौथी पकड होण्याची वेळच येऊ नये.

पहिली पकड : लाकूड

लाकूड चकमध्ये धरण्यापूर्वी ते नीट पाहावे. चीर, सुटी गाठ किंवा साल असेल तर भोक पाडताना बिटच्या दाबाने ते फुटू शकते. सुरूचे लाकूड आपल्या किनाऱ्यावर मुबलक आहे, पण ते वाळताना चिरते हे लक्षात ठेवावे. जुन्या होडीचे किंवा जुन्या घराचे लाकूड असेल तर त्यात खिळे अडकलेले असतात. ते शोधून काढल्याशिवाय बिट लावू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पडलेल्या आंबा-फणसाचे लाकूड कुणी फळ्या काढून जपून ठेवले असेल, तर त्यालाही कीड लागली आहे का, ते आतून भुसभुशीत झाले आहे का, हे ठोकून पाहावे.

चौकोनी ठोकळ्यात थेट भोक पाडण्याचा मोह टाळावा. आधी दोन टोकांच्या मध्ये धरून तो गोल करावा, एका टोकाला चकच्या जबड्यात बसेल असा आखूड खुंट कातावा आणि मगच तो चार जबड्यांच्या चकमध्ये आवळावा. खुंटामागचा खांदा जबड्यांना सपाट टेकला पाहिजे. ठोकळा जाडीच्या तिपटीहून अधिक लांब असेल तर त्याचे मोकळे टोक थरथरते. अशा वेळी मध्ये स्टेडी रेस्टचा आधार द्यावा.

दुसरी पकड : बिट

बिटचा दांडा ड्रिल चकमध्ये पुरेसा आत जाऊ द्यावा आणि चकच्या तिन्ही भोकांत एकेकदा चावी घालून आवळावा. एकाच भोकातून आवळलेला चक बिटला सारखा धरत नाही. चावी हातातून सोडायची ती चकमध्ये नव्हे, ठरलेल्या खुंटीवर. लाकडाच्या चकची चावी तशीच राहून मोटार सुरू झाली तर ती गोफणीतल्या धोंड्यासारखी सुटते. बोथट बिट वापरू नये. ते लाकूड कापण्याऐवजी घासते, तापते, धूर काढते, आणि मग आपण चाकावर अधिक जोर देऊ लागतो.

तिसरी पकड : टेलस्टॉक

ही पकड बाहेरून दिसत नाही, म्हणून तीच जास्त फसवते. ड्रिल चकच्या मागे निमुळता दांडा असतो, त्याला मोर्स टेपर म्हणतात. टेलस्टॉकच्या नळीत तसेच निमुळते भोक असते. दोन्ही एकमेकांत घट्ट बसतात ते केवळ घर्षणाने. तेथे स्क्रू नाही, खीळ नाही. आपल्या खाऱ्या हवेत या टेपरवर गंज चढायला वेळ लागत नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. गंज, भुसा किंवा तेल यांपैकी काहीही मध्ये आले की घर्षण कमी होते. म्हणून बसविण्यापूर्वी दांडा आणि नळी दोन्ही कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसावीत. काम संपल्यावर टेपरला तेलाचा हात लावून ठेवणे योग्यच; पण पुन्हा बसविताना ते तेल पुसून टाकले पाहिजे.

त्यानंतर टेलस्टॉक बेडवर सरकवून त्याचा खटका आवळावा, ढकलून तो हलत नाही याची खात्री करावी, आणि मगच नळीच्या चाकाकडे हात न्यावा. पटाशी टेकवण्याचा टूल रेस्ट या कामात लागत नाही. तो बाजूला काढून ठेवावा, म्हणजे बोट त्याच्या आणि लाकडाच्या मध्ये सापडणार नाही.

वेगाचे गणित

आपल्याकडील साध्या सिंगल फेज मोटारी बहुधा मिनिटाला सुमारे १,४४० फेरे घेतात. मोटारीची आणि लेथची पुली सारख्या मापाची असेल तर लाकूडही तितकेच फेरे घेईल. मोटारीवर २ इंची आणि लेथवर ६ इंची पुली असेल तर फेरे ४८० होतील. पातळ बिटाला हजाराच्या आसपास वेग चालतो. एक इंच वा त्याहून मोठ्या बिटाला ५०० किंवा त्याहून कमी वेग ठेवावा, आणि दोन इंची बिटाला तो आणखी निम्म्यावर आणावा. वेग एक तृतीयांश केला की फिरत्या लाकडातील ऊर्जा एक नवमांश होते, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नकोच.

पण वेग कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. एक हिशेब करून पाहा. चार इंच, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर जाडीच्या लाकडाचा घेर ३१ सेंटिमीटर भरतो. काही धोका जाणवल्यावर हात मागे घ्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. १,४४० फेऱ्यांच्या वेगाने पाव सेकंदात लाकूड सहा वेळा फिरते. म्हणजे अडकलेली बाही जवळजवळ दोन मीटर आत खेचली जाईल. ४८० फेऱ्यांच्या 'हळू' वेगातही ते दोन वेळा फिरते, म्हणजे ६० सेंटिमीटरहून जास्त. आपल्या बोटांच्या टोकांपासून जवळजवळ खांद्यापर्यंतचे हे अंतर आहे.

प्रत्यक्ष भोक पाडताना

सुरुवातीला लाकडाचे तोंड सपाट करून मधोमध पटाशीच्या टोकाने छोटा खळगा करावा. असा खळगा नसेल तर बिटचे टोक भरकटते. मोटार सुरू करण्यापूर्वी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावे. कुठे घासते का, अडते का, ते तेव्हाच कळते. मग लाकडाच्या अगदी समोर न राहता थोडे बाजूला उभे राहून मोटार सुरू करावी.

बिट हळूहळू आत न्यावे. बिटच्या जाडीइतके आत गेले की ते मागे घेऊन भुसा बाहेर पडू द्यावा. हा भुसा भोकात कोंबला गेला की बिट आवळले जाते, तापते, आणि तिन्ही पकडींवर एकदम ताण येतो. खोल भोकात ही काळजी जास्त घ्यावी. भुसा बोटाने काढू नये, तोंडाने फुंकू नये. मोटार बंद करून, लाकूड पूर्ण थांबल्यावर ब्रशने काढावा.

किती खोल जायचे त्याची खूण बिटवर चिकटपट्टीने आधीच करून ठेवावी. आरपार भोक पाडायचे असेल तर बिट पलीकडे चकच्या जबड्यांवर आदळणार नाही याचा विचार आधी करावा. निम्मे भोक एका टोकाकडून आणि निम्मे दुसऱ्या टोकाकडून पाडणे हा सुरक्षित मार्ग आहे.

बिट बाहेर काढताना

आत जाताना बिटवरचा दाब टेपरला टेलस्टॉकमध्ये अधिकच घट्ट बसवितो. बाहेर येताना हा दाब नसतो, उलट ओढ असते. बिट भोकात जरा जरी अडकले तरी टेपर नळीतून सुटतो. मग ड्रिल चक, त्याची दातेरी कड आणि बिट ही तिन्ही लाकडाबरोबर गरगर फिरू लागतात. असे पाहणारा माणूस ती पकडायला जातो आणि बोटे गमावतो.

म्हणून आमची सूचना अशी : बिट खोल असेल, अडखळत असेल किंवा किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर मोटार बंद करावी आणि लाकूड थांबल्यावर नळीचे चाक उलटे फिरवून बिट बाहेर घ्यावे. घाईने टेलस्टॉकच मागे ओढू नये. आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. पुष्कळ लेथवर नळी पूर्ण मागे नेली की आतला स्क्रू टेपरला आपोआप बाहेर ढकलतो. ही सोय ड्रिल चक काढण्यासाठी आहे. पण भोक पाडण्याच्या मध्येच तसे झाले तर चक सैल पडतो. तेव्हा काम चालू असताना नळी निदान दोन इंच बाहेर राहील असाच टेलस्टॉक उभा करावा. आणि टेपर सुटून ड्रिल चक फिरू लागलाच, तर त्याला हात लावू नये. एक पाऊल मागे सरून स्विच बंद करावा. स्विच असा लावावा की फिरत्या लाकडावरून हात न नेता तो बंद करता येईल.

कपडे, डोळे आणि श्वास

हातमोजे घालून लेथवर काम करू नये. मोजा हाताला वाचवीत नाही, उलट हाताला ओढून नेतो. बाही कोपरापर्यंत घट्ट दुमडावी किंवा आखूड बाहीचा सदरा घालावा. घड्याळ, अंगठी, मनगटावरचा दोरा, गळ्यातील ओळखपत्राची पट्टी हे सर्व काढून ठेवावे. बचत गटांतील भगिनीही आता अशा शेडमध्ये काम करू लागल्या आहेत. त्यांनी पदर व ओढणी खोचून वरून घट्ट कोट घालावा आणि केस बांधून टोपीखाली घ्यावेत.

नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे. बाजूने कपची आत येतेच. पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक काच वापरावी. लाकडाची बारीक धूळ माणसात कर्करोग उत्पन्न करू शकते, असा निर्वाळा कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ मध्ये दिला आहे. शिसवासारख्या लाकडाच्या धुळीने कातडीलाही खाज सुटते. म्हणून नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क हवा आणि शेडला समोरासमोर खिडक्या हव्यात.

वीज गेली तर

आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा नेम नसतो. भोक अर्धे असताना वीज जाते, कारागीर बिट तपासायला हात घालतो, आणि तेवढ्यात वीज येऊन लेथ आपोआप सुरू होतो. हे टाळायचे तर वीज जाताच पहिला हात स्विचवर गेला पाहिजे. त्याहून चांगला उपाय म्हणजे नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर. वीज गेली की तो सुटतो आणि वीज परत आली तरी बटण दाबल्याशिवाय मोटार चालू होत नाही. ओल्या जमिनीवर उभे राहून काम करू नये. लेथला अर्थिंग असावे आणि वायरिंगमध्ये ३० मिलिअँपिअरला तुटणारा आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा.

इजा झालीच तर

कपडा किंवा हात अडकल्यास प्रथम वीज बंद करावी. मोटार उलटी फिरवून सोडविण्याचा प्रयत्न करू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे आणि हात वर ठेवावा. हळद, चहापूड, राख असे काही भरू नये. बोट तुटले असेल तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. डोळ्यात कपची रुतली असेल तर डोळा चोळू नये, कपची ओढू नये, डोळ्याला दाब न देता झाकून दवाखान्यात न्यावे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. आपल्या किनाऱ्यावरील गावांपासून मोठे रुग्णालय लांब असते, म्हणून हा क्रमांक शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. एकट्याने, बंद दाराआड लेथ चालवू नये.

कायदा कुठवर पोहोचतो

यंत्रावरच्या माणसाचे रक्षण हा कायद्याचा विषय पूर्वीच झाला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. थकलेला हात यंत्रावर चुकतो हे ज्याने अनुभवले आहे, त्याला या सहा तासांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने फिरत्या भागांना कुंपण, चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याला घट्ट कपडे आणि डोळ्यांचे संरक्षण यांविषयी नियम घातले. परंतु विजेवर चालणाऱ्या जागेत तो साधारणपणे १० कामगार असतील तरच लागू होई. २०२० च्या संहितेत ही संख्या २० आहे. घरामागच्या शेडमध्ये एक लेथ आणि दोन भाऊ, एवढाच ज्यांचा कारखाना, त्यांच्याकडे निरीक्षक येणार नाही. तेथे नियम करणारे आपण आणि पाळणारेही आपणच.

तेव्हा मंडळाच्या सभासदांना आमची विनंती आहे की, कुणा तरुणाला कर्जाचा अर्ज भरून देताना कोटेशनमध्ये तोंडावरची काच, मास्क आणि नो-व्होल्ट स्टार्टर या तीन वस्तू आवर्जून लिहायला लावाव्यात. यंत्राच्या किमतीपुढे त्यांचा खर्च थोडा असतो, पण कर्जाची फेड ज्या हातांनी व्हायची ते हात या वस्तू राखतात. आणि आय.टी.आय.त सुतारकाम शिकणाऱ्या विद्यार्थी मित्रांनो, बटण दाबण्यापूर्वी तीन पकडी एकदा मोजा : लाकडाची, बिटची, टेलस्टॉकची. तिन्ही पक्क्या आहेत, बाही वर आहे, चावी खुंटीवर आहे, एवढे पाहायला अर्धा मिनिट लागतो. हा अर्धा मिनिट दर वेळी द्या, शंभराव्या भोकालाही द्या.